गोषवाऱ्याचं पान

हजेरीपटाचं शेवटचं पान सहसा कुणी उघडून बघत नाही. महिनाअखेरीस वर्गशिक्षिका तिथे गोषवारा भरतात. पटावर मुलगे किती, मुली किती. त्यांत अनुसूचित जातीचे किती, जमातीचे किती, विमुक्त-भटके किती, इतर मागास किती, अल्पसंख्याक किती, दिव्यांग किती. या महिन्यात नवे दाखल किती, नाव कमी केलेले किती, सरासरी उपस्थिती किती. उभ्या-आडव्या बेरजा जुळल्या की खाली बाईंची सही, मग मोठ्या बाईंची सही आणि शिक्का.

लोअर परळच्या एका महापालिका शाळेत माझी मुलगी सातवीला आहे. तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया, म्हणून माझ्यासारखीला तिथे जागा मिळाली आणि हे कागद बघायला मिळाले. शाळेची माहिती यू-डायसच्या, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी पोर्टलवर भरायची असते तेव्हा मी बाईंच्या शेजारी बसून रजिस्टरातले आकडे वाचून दाखवते. आमच्या वस्तीत कोण राहायला आलं, कोण गेलं आणि कोणाला जाता आलं नाही, हे मला त्या वाचनातून जेवढं कळलं तेवढं इतकी वर्षं इथे राहूनही कळलं नव्हतं.

शाळा पहिली ते आठवीची आहे. मला बोलायचं आहे ते वरच्या तीन वर्गांबद्दल, सहावी ते आठवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच तीन वर्गांचा वेगळा मधला टप्पा मानला आहे. या टप्प्यात आमच्याकडे प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आहे आणि तिन्ही वर्ग मिळून पट शंभरीच्या बराच आत आहे. तिसऱ्या मजल्यावर एका दारावर ‘सातवी ड’ अशी जुनी पाटी अजून दिसते. म्हणजे एकेकाळी सातवीच्याच चार तुकड्या होत्या. आता त्या खोलीत जुनी बाकं ठेवलेली आहेत आणि निवडणुकीच्या वेळी ती रिकामी करून तिथे मतदान केंद्र होतं.

कार्यालयातल्या लोखंडी कपाटात जनरल रजिस्टरं आहेत, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद. आजही आठवड्यातून कुणी ना कुणी येतं आणि वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा उतारा मागतं. जात पडताळणीला जुना शाळेचा पुरावा लागतो, आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांकडे तेवढाच एक जुना कागद असू शकतो. उतारा शोधताना पानं उलटली की जन्मस्थळाचा रकाना डोळ्यांपुढून सरकतो. संगमेश्वर, देवरूख, लांजा, पाटण, जावळी, कराड. कोकण आणि घाटमाथा मिळून गिरण्यांना माणसं पुरवत होते आणि त्यांची पोरं या वर्गांत बसत होती. महापालिकेने सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९२५ मध्ये सुरू केलं तेही आधी एफ आणि जी या वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर, वरळी याच भागात. कामगारांची मुलं शाळेत आणायची तर सुरुवात इथूनच करायला हवी, असं त्या वेळच्या नगरपित्यांना वाटलं असणार, आणि ते बरोबरच होतं.

त्याच रजिस्टरात शेवटचा रकाना असतो: शाळा सोडल्याचं कारण. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतरच्या वर्षांची पानं मी सावकाश वाचली. एकाखाली एक ‘गावी गेल्यामुळे’, ‘गावी गेल्यामुळे’. लिहिणाऱ्याने पुढे पुढे नुसतं ‘गावी’ एवढंच लिहिलं आहे. संपाबद्दल मी भाषणं ऐकली आहेत, मोर्चाचे फोटो पाहिले आहेत, पण मध्येच शाळा सुटलेल्या त्या पोरांची एवढी लांब ओळ मी पहिल्यांदाच पाहिली. चौथीतली, सहावीतली, एखादं सातवीच्या परीक्षेला दोन महिने उरलेले असताना गेलेलं. त्यांच्यातलं कुणी पुढे गावच्या शाळेत गेलं का, हे कुठल्याच रकान्यात नाही.

मग नव्वदीनंतर गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, टॉवर उभे राहिले आणि ‘गावी’च्या जागी दुसरी नावं दिसू लागली: डोंबिवली, दिवा, विरार, बदलापूर. खोली विकून किंवा भाड्याने देऊन माणसं रेल्वेच्या लाइनीने वर सरकली. जनगणनेत हे सरळ दिसतं. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेला. शहराच्या या टोकाला माणसंच कमी झाली, आणि गेली ती प्रामुख्याने लेकुरवाळी घरं. म्हातारे खोली धरून मागे राहिले. आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या बत्तीस चाळींतली घरं संक्रमण शिबिरांत किंवा भाड्याच्या जागी गेली, तीही याच पटावर दिसली. घर परत मिळेपर्यंत सहावीतलं मूल दहावी होऊन जाईल. ते परत येणार कशाला?

‘महापालिकेच्या शाळांत शिकवत नाहीत म्हणून मुलं कमी झाली’ असं लोक फार सहज म्हणतात, म्हणून हे सगळं सांगितलं. शिकवण्याच्या तक्रारी आहेत, मी स्वतः बैठकीत त्या मांडते. पण आमच्या मधल्या टप्प्याला गळती लागली ती आणखी एका जागी, आणि तिचा शिकवण्याशी फारसा संबंध नाही. आपल्याकडे खासगी अनुदानित हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात. चौथी महापालिकेत आणि ‘पाचवीला हायस्कूल’, हा गिरणगावातल्या मराठी घरांचा पिढ्यांचा रिवाज आहे. माझी नणंद अशीच गेली, माझे मोठे दीर असेच गेले. दहावीपर्यंत पुन्हा शाळा शोधायला नको, हा त्यामागचा विचार आणि तो खोटा नाही, कारण महापालिकेच्या प्राथमिक शाळा भरपूर आणि माध्यमिक शाळा त्यामानाने फारच थोड्या. जो पालक दोन पावलं पुढचं बघू शकतो, ज्याच्याकडे दाखला आणि जन्माचं प्रमाणपत्र तयार आहे, ज्याला प्रवेशाच्या तारखा वेळेवर कळतात, त्याचं मूल चौथीनंतर निघून जातं. त्यात आता इंग्रजीची ओढ. महापालिकेने स्वतःच २०२० पासून ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने सीबीएसई-आयसीएसईच्या शाळा काढल्या, पूनमनगरला, वूलन मिलला. पालकांची तिथे इतकी झुंबड की प्रवेशाला सोडत काढावी लागते. दुसरीकडे दहा-बारा वर्षांत महापालिकेच्या शंभराहून अधिक मराठी शाळा बंद झाल्या. पब्लिक स्कूलं नव्याने निघाली याचा मला आनंद आहे. फक्त सोडतीचा अर्ज भरणारं घर आणि आमच्या सहावीतलं घर ही दोन वेगळी घरं आहेत.

मग आमच्या सहावी-सातवी-आठवीत कोण उरतं? गोषवारा सांगतो ते असं.

मुली जास्त. दरवर्षी, तिन्ही वर्गांत. भाऊ फी भरून इंग्रजी शाळेत आणि बहीण इथे, अशा जोड्या मी नावानिशी दाखवू शकेन. आईवडिलांना विचारलं तर ‘हिला इथे सगळं फुकट मिळतं ना, दप्तर, बूट, छत्री, सत्तावीस वस्तू’ असं उत्तर येतं. मुलीला त्या सत्तावीस वस्तूंचं कौतुक असतंच, पण भावाच्या टायकडे ती रोज सकाळी बघते हेही खरं.

मग चाळीत मागे राहिलेल्या आजी-आजोबांकडे ठेवलेली मुलं. यांचे आईबाप विरारकडे किंवा गावी, कधी दोघांपैकी एकच हयात. मग टॉवरच्या बांधकामांवर आलेली मराठवाड्यातली, परभणी-जालन्याकडची. वॉचमनच्या खोलीत राहणारी नेपाळी मुलं, जी दोन वर्षांत माझ्या मुलीपेक्षा स्वच्छ मराठी बोलू लागतात. पूर्वांचलातून आलेल्या ड्रायव्हरची, इस्त्रीवाल्याची मुलं. हिंदी माध्यमाची शाळा लांब, रस्ता मोठा, म्हणून जवळच्या मराठीत घातलेली. कलबुर्गीकडची एक-दोन. महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, देशात असं दुसरीकडे क्वचितच असेल, पण सहा वर्षांच्या मुलाला हाताला धरून नेताना आई माध्यम नाही, अंतर बघते. मातृभाषेचा रकाना वाचताना मी दर वेळी थांबते. नेपाळी, भोजपुरी, कन्नड, बंजाऱ्यांची गोरमाटी, मराठी. एवढ्याशा वर्गात इतक्या घरांतून मुलं येतात आणि दुपारच्या खिचडीच्या रांगेत सगळी एकाच मराठीत भांडतात. त्या भांडणाची मराठी अस्सल लालबाग-परळची असते, हे ऐकून मला फार बरं वाटतं.

जन्मस्थळाच्या रकान्यात संगमेश्वर-पाटणच्या जागी आता जिंतूर, मंठा, जौनपूर, दरभंगा. शंभर वर्षांपूर्वी ज्या कारणाने मुलं इथे आली त्याच कारणाने आजही येत आहेत. आईबाप जिथे राबतात तिथे जवळ शाळा हवी. त्या वेळी गिरणीत होते, आता गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये आहेत.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी नेमकं लिहिलं आहे. दर वर्गाला किमान एक शिक्षक. त्यांत गणित-विज्ञानाचा एक, सामाजिक शास्त्रांचा एक, भाषांचा एक. आणि पस्तीस मुलांमागे एक. शंभरावर मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य, कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक. म्हणजे किमान किती हवेत हे आधी आणि पटाच्या प्रमाणात किती हे नंतर. प्रत्यक्षात दर वर्षी संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं याचा सरकारी आदेश, येते तेव्हा पटच आधी बघितला जातो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक झाले आणि राज्यभर वीसच्या आत पट असलेल्या उच्च प्राथमिक वर्गांतली शिक्षकपदं धोक्यात आली. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या त्या यासाठी. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. आमचे गणिताचे सर असेच गेले. मग सातवी-आठवीचे जोडवर्ग. गणित नीट होत नाही म्हटल्यावर ज्यांना जमलं त्या चार पालकांनी मुलं काढली. पट आणखी खाली आला. पुढच्या वर्षी आणखी एका पदाची धास्ती. हे चक्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यात मूल शेवटपर्यंत कोणाचं राहतं तर ज्याच्या आईबापाकडे दुसरा मार्ग नाही त्याचं.

सप्टेंबर हा आमच्याकडे म्हणूनच जिवावरचा महिना. वर्षानुवर्षं ३० सप्टेंबरचा पट धरून मान्यता ठरत आली. उत्तरेकडची घरं एप्रिलमध्ये लग्नसराईला आणि गव्हाच्या कापणीला जातात, ती जुलै उजाडेपर्यंत येत नाहीत. मराठवाड्यातली दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचा विचार करू लागतात. आई दारात येऊन म्हणते, “बाई, नाव नका हां कापू, आम्ही जाऊन येतो.” बाई नाव ठेवतात आणि आठवड्याला फोन करत राहतात. पूर्वी खोटी नावंही ठेवली जात, हे मला ठाऊक आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सबंध राज्यात एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावली, आणि कागदावर असलेली लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. त्या लबाडीबद्दल मला आजही चीड आहे. ज्यांनी नसलेल्या मुलांच्या नावावर अनुदान खाल्लं त्यांच्यामुळे आज खऱ्या मुलाला स्वतःचं असणं सिद्ध करावं लागतं.

ते सिद्ध करायचं आधारने. २०२२-२३ पासून आधार जुळलेलीच मुलं संच मान्यतेत धरायची असं ठरलं. आता आमच्या वर्गाचं बघा. एकीचं आधार गावी काढलेलं, त्यात जन्मतारीख १ जानेवारी. एकाचं आडनाव शाळेत ‘राठोड’, आधारवर ‘राठौड’. एकाच्या आधारवर वडिलांच्या जागी मामा. नेपाळी मुलांपैकी एकाकडे आधारच नाही. पोर्टलवर यांच्यापुढे लाल अक्षरांत ‘मिसमॅच’ येतं. ही मुलं रोज सकाळी सात वाजता प्रार्थनेला उभी असतात, हजेरी आहे, वहीत अभ्यास आहे, आणि शिक्षक किती द्यायचे या हिशोबात ती नाहीत. दुरुस्तीला आधार केंद्रावर जायचं तर आईची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि एका फेरीत काम क्वचितच होतं. चाळीतल्या जुन्या मराठी घरांतल्या मुलांचे कागद जवळजवळ सगळे जुळतात. जी मुलं अलीकडे आली, जी सर्वांत जास्त हलली, नेमकी तीच मोजणीत गळतात. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे: पटाची संख्या बघून शिक्षक ठरवता, तसा पटावर कोण आहे हे बघूनही ठरवा. गोषवाऱ्यात ते सगळं लिहिलेलं असतं. शाळेने भरायचं, वर पाठवायचं आणि वर कुणी फक्त शेवटची बेरीज वाचायची, असं का?

याच शहरात गोवंडीच्या शिवाजीनगरला महापालिकेच्या वर्गात मुलांना बसायला जागा पुरत नाही. मी तिथे माझ्या मावसबहिणीकडे जाते तेव्हा बघते, एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन्ही सत्रं भरून वाहतात. जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या उठवून माहुलला नेल्या तेव्हा किती मुलांची शाळा मध्येच तुटली हे तिथल्या बाया अजून सांगतात. माणसं शहराने हलवली, शाळा जिथल्या तिथे राहिल्या. तिकडे बाई साठ मुलांपुढे उभ्या, इकडे आमच्या बाई अठरा.

आणि त्या अठरांपुढे काय घडतं हेही सांगायला हवं, कारण ते मी रोज पाहते. गेल्या जूनमध्ये बाई आणि मी प्रवेशासाठी वस्तीत फिरत होतो. ‘मिशन अॅडमिशन’ या महापालिकेच्या प्रवेश मोहिमेची पत्रकं हातात होती. एका टॉवरच्या पत्र्याच्या कुंपणाआड बारा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. कधीच शाळेत गेली नव्हती. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अशा मुलीला तिच्या वयाच्या वर्गात घ्यायचं, आणि बाकीच्यांच्या बरोबरीला यायला तिला विशेष प्रशिक्षण द्यायचं. चौदाव्या कलमाप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवायचं नाही. तिला सहावीत बसवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण मिस्त्रीच्या हिशोबातली सिमेंटची पोती ती तोंडी भागत होती. बाईंनी तिथूनच धरलं. आधी पोत्यांचा भागाकार फळ्यावर मांडला, मग त्या अंकांखाली शब्द लिहिले, मग तिचं नाव, मग गावाचं नाव. दुपारी खिचडीनंतर वर्गातल्या दोघीजणी तिला वाचून दाखवतात. दिवाळीपर्यंत ती सावकाश का होईना, पाठ वाचू लागली. साठ मुलांच्या वर्गात हीच बाई, हीच तळमळ असती तरी हे झालं नसतं. वेळच मिळाला नसता.

लहान वर्गाचे तोटे आहेत. खो-खोचा संघ पुरा होत नाही, विज्ञान प्रदर्शनात दरवेळी तीच चार मुलं, स्पर्धा वाटावी असं कुणी शेजारी नाही म्हणून हुशार मुलगी आळसावते. माझी आळसावली आहे. तरी मी तिला काढलं नाही, कारण तिच्या बाकावर शेजारी कोण बसतं ते मला मोलाचं वाटतं. तिला दरभंगा नकाशात दाखवता येतं, कारण तिची मैत्रीण तिथे जाऊन आली.

बांधकामावरच्या त्या मुलीच्या साइटचं काम उन्हाळ्यात संपेल. मुकादम पनवेलकडचं काम बोलतो आहे. बाईंनी तिच्या आईला आत्ताच समजावून ठेवलं आहे की दाखला हातात नसला तरी कुठल्याही सरकारी शाळेने तिला घ्यायलाच हवं, पाचवं कलम आहे, आणि नाही म्हणाले तर तिथूनच फोन लावायचा. आईने नंबर ओढणीच्या गाठीत बांधला नाही, मोबाइलमध्ये ‘शाळा’ म्हणून टाकून घेतला आणि एकदा लावून बघितला.

समितीच्या पुढच्या बैठकीसाठी मी ठराव लिहून ठेवला आहे. आधार न जुळलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, वर्ग आणि महिन्यांची हजेरी लिहून ती यादी प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. गणित-विज्ञानाचं पद परिशिष्टातल्या तरतुदीवर बोट ठेवून मागावं. वॉर्डाच्या आधार केंद्राने एक दिवस शाळेत येऊन दुरुस्त्या कराव्यात, म्हणजे कुणाची मजुरी बुडणार नाही. आठवीतून बाहेर पडणाऱ्या मुलांना नववीला जवळच्या कोणत्या शाळांत जागा आहे याची यादी मे महिन्यात दारावर लावावी, कारण कायद्याचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो आणि मुलींची शाळा तिथेच थांबते. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदनाला सहावीतल्या नेपाळी मुलाची आई उभी राहणार आहे. ठराव मराठीत वाचायचा म्हणून ती रोज संध्याकाळी मुलाकडून त्याची तयारी करून घेते आहे.